मैदानापासून गेटपर्यंत

सुचित्राचं घर राहुरीत स्टेशन रोडला, आणि मुलीची शाळा हायवेच्या पलीकडे, चालत गेलं तर दहा-बारा मिनिटांवर. तरी ती रोज गाडी काढायची. मनवाचं दप्तर जड असायचं, ऊन असायचं, आणि हायवेवर उसाच्या ट्रॉल्या थांबायचं नाव घेत नसत. शिवाय मनवाला सोडून तिला तसंच पुढं कृषी विद्यापीठात जायचं असे; बियाणे विभागात ती नोकरीला होती. खरं सांगायचं तर सगळेच गाडी काढत होते, म्हणून तीही काढायची. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

शाळेपुढची गल्ली अरुंद. एका अंगाला शाळेची भिंत, दुसऱ्या अंगाला झेरॉक्सवाला, दातांचा दवाखाना आणि पिठाची गिरणी. शाळा सुटायच्या वेळेला दोन्ही अंगांना गाड्या लागत आणि उरलेल्या फटीतून मोटारसायकली, रिक्षा, पोरं अशी सगळी मिळून वाट काढत. दसऱ्यानंतरच्या एका दुपारी, विद्यापीठातून लवकर निघून आलेली सुचित्रा मनवाला बसवून गाडी मागे घेत होती. पुढची रिक्षा हटत नव्हती, कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. तेवढ्यात टपावर थापा पडल्या. कुणाला तरी घाई झालीय असं समजून तिनं गाडी आणखी थोडी मागे घेतली. मग एका बाईची किंकाळी ऐकू आली, तेव्हा कुठे तिचा पाय ब्रेकवर गेला.

मागच्या चाकाखाली संस्कृतीचा पाय होता. मनवाच्याच वर्गातली, चौथीतली पोर. कालव्याकाठच्या वस्तीवर तिच्या बापाची, सुनीलची, ऊस-कांद्याची शेती होती. शाळेची बस त्या रस्त्याला जात नसे, म्हणून तो तिला मोटारसायकलवरून ने-आण करायचा. त्या दिवशी तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता आणि ती त्याच्याकडे निघाली होती.

नगरच्या हॉस्पिटलात दोन ऑपरेशनं झाली. पाय वाचला, पण घोटा कायमचा आखडला. सुनीलनं तक्रार केली नाही. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तो सुचित्राला एवढंच म्हणाला, "तुमी काय मुद्दाम केलं न्हाई, बाई." तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्या दिवसापासून तिनं गाडीला हात लावला नाही. नवरा शामकांत नगरला बँकेत होता, तो बसनंच जायचा. गाडी अंगणात उभी राहिली. शामकांत रविवारी ती चालू करून बॅटरी तेवढी जिवंत ठेवायचा.

शाळेनं पालकांची सभा घेतली. मुख्याध्यापक रंगनाथ सर फार बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "जवळ राहणाऱ्यांनी गाडी घरी ठेवा. लांबून येणाऱ्यांनी बाजाराच्या मैदानात लावा आणि तिथून मुलांना चालत आणा. एवढं केलं तरी पुष्कळ झालं." सगळ्यांनी हात वर केले. मागच्या बाकावर बसलेल्या सुचित्रानंही केला. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि कुणी पाहत नाहीये हे तिला सगळ्यांत जास्त जाणवलं.

पहिल्या सोमवारी गल्ली रिकामी होती. गिरणीवाला दारात येऊन बघत उभा राहिला. पोरं रस्त्याच्या मधोमध धावत शाळेत गेली. मैदानापासून गेटपर्यंत आयाबापांची रांग लागली होती, एकमेकांशी कधी न बोललेली माणसं बोलत होती. सुचित्रा मनवाचा हात धरून चालली. ते चालणं तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पुढच्या आठवड्यात एक गाडी आली. आतल्या मुलाला ताप होता, परीक्षा होती, कुणी काही बोललं नाही. मग दुसरी आली. मग साखर कारखाने सुरू झाले, हायवेवर ट्रॉल्यांची रीघ लागली, आणि एका सकाळी भागवतची पांढरी मोठी गाडी सरळ गेटापाशी येऊन थांबली. भागवतचं खतांचं दुकान होतं, सभेत सगळ्यांत आधी त्याचाच हात वर गेला होता. सुचित्रा त्याच्याकडे गेली. हल्ली ती मनवाला आत सोडून थोडा वेळ गल्लीच्या तोंडाशी थांबायची आणि येणाऱ्यांना मैदानाकडे वळायची विनंती करायची.

"भागवतभाऊ, आपलं ठरलं होतं ना."

"ठरलं होतं, मॅडम." त्यानं काच पूर्ण खाली घेतली, माणूस उद्धट नव्हता. "पण तुम्हीच सांगा. पोराला चालत आणायचं म्हणजे ह्या ट्रॉल्यांमधून, गाड्यांमधून आणायचं. त्यापेक्षा गाडीत बसलेलं बरं. निदान त्याला तरी काही होत नाही."

"सगळ्यांनीच गाड्या लांब ठेवल्या तर कुणालाच काही होणार नाही."

"सगळे ठेवतील त्या दिवशी मीही ठेवीन."

सुचित्रा गाडीपासून बाजूला झाली. अपघाताच्या आधी कुणी विचारलं असतं, तर तिनंही हेच उत्तर दिलं असतं.

हिवाळाभर ती तिथं उभी राहिली. लोक तिच्याशी जपून बोलायचे. काहीजण तिला पाहून मैदानाकडे वळायचे आणि ती विद्यापीठात गेली की दुपारी गाडी गेटापाशी आणायचे. एकदा पाठीमागून दोन बायकांचं बोलणं तिच्या कानावर पडलं. "हिनंच पोरीचा पाय घालवला, आणि आता आपल्याला शिकवतीय." सुचित्रानं मान वळवली नाही. घरी आल्यावर मात्र तिनं शामकांतला ते सांगितलं.

शामकांतनं हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तू हे कुणासाठी करतेस?"

"त्या पोरीसाठी."

"ती पोर शाळेत येते का?"

संस्कृतीचा पाय शाळेत जाण्याइतका बरा झाला असं डॉक्टरांनी सांगून महिना उलटला होता. पण बाकावर मनवाशेजारची जागा बहुतेक दिवस रिकामीच असायची. ती का रिकामी आहे, हे विचारायचं धाडस सुचित्राला झालं नव्हतं.

शनिवारी ती वस्तीवर गेली. रिक्षानं कालव्याच्या पुलापर्यंत आणि तिथून चालत. सुनील कांद्याला पाणी देत होता, तो लगेच आला नाही. त्याच्या आईनं, आक्काबाईनं, ओसरीवर चटई टाकली आणि चहा ठेवला. संस्कृती आतल्या खोलीत अभ्यास करत बसली होती. तिनं दारातून एकदा पाहिलं आणि पुन्हा आत गेली.

"आजी, ती शाळेला का येत नाही?"

"कशी यील? मोटारसायकलीवर पाय खाली लोंबतो, सुजून भोपळा हुतो. मागल्या म्हैन्यात खड्ड्यात गाडी आदळली, पोर खाली पडली. आता बसाया भेती. आन सून, हिची आय, तर भ्यानं त्या शाळेच्या रोडकडं बघत बी न्हाई." आक्काबाईनं चहाचा कप पुढं सरकवला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण ती सुचित्राच्या तोंडाकडे पाहत नव्हती.

सुनील आला. हातपाय धुऊन उंबऱ्यावर बसला. सुचित्रानं शाळेचं सांगितलं. गल्लीतल्या गाड्यांचं, आपण रोज तिथं उभं राहण्याचं. सांगताना तिलाच ते फार लांबचं वाटायला लागलं. कुणीतरी दुसऱ्याच गावची गोष्ट सांगावी तसं.

सुनीलनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमी गाडी सोडली म्हनं."

"हो. त्या दिवसापासून हात लावला नाही."

"कशापायी?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"न्हाई, मी रागानं इचारत न्हाई," सुनील म्हणाला. "पर तुमी गाडी दारात हुभी केली, त्यानं आमच्या पोरीचा पाय काय नीट झाला न्हाई. तिला चालाया येत न्हाई लांब. मोटारसायकलीवर बसवत न्हाई. मला सकाळी ऊसतोडीच्या मागं जावं लागतंय. आन तुमची गाडी तिकडं नुसती पडून हाय." तो थांबला, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुमी तिला न्याल का शाळेत? गाडीतनं?"

आतल्या खोलीत पान उलटल्याचा आवाज थांबला.

सुचित्रा म्हणाली, "ती बसेल माझ्या गाडीत?"

"तिलाच इचारा."

संस्कृती दारात आली. आखडलेला पाय बाजूला टाकत, चौकटीला धरून. ती म्हणाली, "मी मागं बसन. मनवासंग." तेवढंच बोलून ती आत गेली.

सोमवारी सुचित्रानं गाडी काढली. शामकांतनं येतो म्हटलं, पण तिनं नको सांगितलं. कालव्याच्या रस्त्यावर तिचा वेग बैलगाडीपेक्षा फारसा जास्त नव्हता. पाठीमागच्या मोटारसायकली हॉर्न देत पुढे जात होत्या. येताना संस्कृती मागं मनवाजवळ बसली होती. दोघी काहीच बोलत नव्हत्या. आरशात सुचित्राला संस्कृतीचे दोन्ही हात दिसत होते. तिनं पुढच्या सीटची कड घट्ट धरून ठेवली होती.

मैदानात पोचल्यावर सुचित्रानं गाडी थांबवली. इथून पुढं चालायचं, हे तिनंच गेले चार महिने सगळ्यांना सांगितलं होतं. संस्कृती उतरली आणि तिघी निघाल्या. पहिल्या वळणाशीच पोरीचा चेहरा ताणला गेला. ती थांबत नव्हती, कुरकुर करत नव्हती, पण तिचा श्वास ऐकू यायला लागला होता. घंटा झाली तेव्हा त्या अर्ध्या वाटेवर होत्या. मनवा म्हणाली, "आई, हिला दुखतंय."

दुसऱ्या दिवशी सुचित्रा आधी रंगनाथ सरांना भेटली. सर म्हणाले, "तुम्ही तिला गेटपर्यंतच आणा. तिच्यासाठी सूट आहे. यात कुणी काही म्हणणार नाही."

खरंच कुणी काही म्हणालं नाही. सुचित्राची गाडी गल्लीत शिरली तेव्हा झेरॉक्सवाल्यानं हातातलं काम थांबवून पाहिलं. मैदानाकडे चालत निघालेली एक आई वाटेत थांबली. गेटापाशी संस्कृती उतरली, मनवानं तिचं दप्तर घेतलं आणि दोघी आत गेल्या. सुचित्रानं गाडी बाहेर काढेपर्यंत तिच्या अंगातला कुर्ता पाठीला चिकटला होता.

आठवड्याभरात गल्ली पूर्वीसारखी भरली. ज्यांच्या घरी आजारी आजी होती, ज्यांचं बाळ लहान होतं, ज्यांना ऑफिसला उशीर होत होता, त्या सगळ्यांना वाटलं की आपलंही कारण काही लहान नाही. कुणी तिला टोमणा मारला नाही. भागवत तर भेटल्यावर मोकळेपणानं हसला. "बरं झालं, मॅडम, तुम्ही आलात. किती दिवस असं उन्हात उभं राहणार होता?"

ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची बंद झाली. गाडी गेटापाशी असताना मैदानाकडे वळा म्हणून कुणाला सांगणार? रंगनाथ सरांनी पुन्हा एक सभा घेतली, तिला फार थोडे लोक आले. सर बोलले, लोकांनी माना डोलावल्या, आणि बाहेर पडून सगळे आपापल्या गाडीत बसून गेले.

संस्कृती मात्र रोज शाळेत येऊ लागली. हळूहळू ती मनवाशी गाडीत बोलायला लागली, मग हसायलाही. सुचित्राशी ती कामापुरतंच बोलायची. एकदा सुचित्रानं विचारलं, "मी नेते ते चालतं ना तुला?" त्यावर ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "शाळेत तर जावंच लागतं ना."

जूनमध्ये शाळा पुन्हा सुरू झाली. पहिल्याच सकाळी गल्ली इतकी तुंबली की सुचित्राची गाडी गिरणीपाशीच अडकली. मुली मागं वह्यांना कव्हरं घालत बसल्या होत्या. शेजारी एक नवी गाडी येऊन थांबली. आत एक तरुण आई होती, मागं पहिलीतलं पोर नव्या गणवेशात रडवेलं झालेलं. बाईनं काच खाली घेतली.

"मॅडम, आमचा आज पहिलाच दिवस आहे. इथं रोज एवढी गर्दी असते का?"

सुचित्रा तिला पुष्कळ काही सांगू शकली असती. तिनं त्या पोराकडे पाहिलं, मग आरशात आपल्या मुलींकडे. पुढची गाडी थोडी हलली.

"हो," ती म्हणाली. "असंच असतं."

बाईनं हसून काच वर केली, आणि दोघींच्या गाड्या हात-दीड हात पुढं सरकल्या.