खुराड्यावरचा बल्ब

रुख्माबाईंनी पदर नाकाशी धरला आणि काठीच्या टोकाने खुराड्यातले भाताचे तणस उलटेपालटे केले. या कोपऱ्यात पिसे, त्या कोपऱ्यात पिसे. अंडे कुठेच नाही.

"आहे का, आई?" मागच्या दाराच्या पायरीवरून मयुरीने विचारले.

"नाई व बाई. आजबी नाई."

सून उठली नाही. पोटावर हात ठेवून तशीच बसून राहिली. सहावा महिना. नर्सबाईंनी गेल्या खेपेला तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली होती आणि रक्त कमी आहे, रोज एक अंडे खा, म्हणून बजावले होते. दुकानातल्या अंड्याचा तिला वास येई, पोटात ठरत नसे. घरचे तेवढे ठरे. आणि घरच्या सहा कोंबड्या, एक बदक, लांजीहून तिच्या माहेरून आलेला तो सगळा कळप महिनाभर रुसून बसला होता.

रुख्माबाई माळकरी. अंडे तर दूरच, खुराड्याची कडीसुद्धा त्या हाताने लावत नसत. कळप अंगणात उतरला त्या दिवशी त्यांनी देवापुढे हात जोडले होते, माझं आंगण तेवढं चोख राहू दे म्हणून. कार्तिक सरला आणि अंडी थांबली, तेव्हा पहिले चार दिवस त्यांना आतून बरे वाटले होते. ही गोष्ट त्यांनी कोणाजवळ काढली नाही. देव हाक ऐकतो, असे कीर्तनात बुवा रंगून सांगत. कोणकोणती हाक ऐकतो, याची फोड मात्र बुवांनी कधी केली नव्हती. आता सुनेचे पांढुरके ओठ दिसले की जपाचा मणी बोटांत अडकून बसे.

"संक्रांतीपरेंत पाह्यतो," जेवताना मुलगा गजेंद्र म्हणाला. "नाई तं बजारात नेऊन विकतो. फुकटची तांदळाची कणकी काहून चारावं?"

मयुरीने ताटातला भात तसाच पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी रुख्माबाई स्वतः जाऊन रचनाला घेऊन आल्या. रचना बचत गटातली, गावच्या कोंबड्या-शेळ्यांना लस टोचणारी. तिने एकेक कोंबडी काखेत धरून पंख उलगडले, शेपटीखाली बोटे लावून पाहिली.

"बिमार नाई काकू. जुनी पिसं टाकून राह्यल्या. अन् दिवस पाहा ना कितीसा राह्यला! अंड्यासाठी कोंबडीले चौदा तास तरी उजेड लागते."

"पन कार्तिकात तं रोज देत होत्या. तवा कोनता दिवस मोठा होता?"

"हौ, थेच तं मले समजून नाई राह्यलं. इथं काही बदललं का? लाइट-गिट?"

"आमच्या घरी कोन लाइट लावून ठेवते..." रुख्माबाई बोलता बोलता थांबल्या.

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत त्यांचा काकडा असे. पहाटे साडेतीनला मागच्या दारचा मोठा बल्ब लावायचा, आंघोळ, फुले, मग ओट्यावर आसन. उजाडेपर्यंत बल्ब तसाच. पौर्णिमेला काकडा संपला, बल्बही विझला. त्यांनी मान वर करून पाहिले. बल्ब नेमका खुराड्याच्या जाळीसमोर लटकत होता.

"काय झालं काकू?"

"काही नाई. कणकीत काय मिसळू, थे सांग."

"शेंगदाण्याची ढेप घाला थोडी. अन् शिंपल्याचा चुरा."

दुसऱ्या पहाटे मागच्या दारी उजेड पाहून मयुरी शाल गुंडाळून बाहेर आली. थंडीने अंगणातली माती गार पडली होती. सासू ओट्यावर टाळ घेऊन बसलेली.

"आई, काकडा तं खतम झाला ना?"

"देवळातला झाला. घरचा चालू हाय. तू जा, झोप."

पण ती गेली नाही. चार दिवसांनी तर तीही शेजारी बसू लागली. रुख्माबाई भूपाळी उचलत, आणि जाळीतून बदक ओरडे.

"टाळकरी भेटला तुमाले," मयुरी हसली.

"भेटला, पन मेला एक मात्रा मांगं राह्यते."

भिंतीपलीकडून शेजारची शीला विचारी, "काहो काकू, यंदा देवाले झोपू देनार नाई का?"

"त्याचं काम अडलं हाय माह्याकडं," रुख्माबाई म्हणत. मग खालच्या आवाजात, "माहं त्याच्याकडं."

आठवडा गेला, दुसरा गेला. कोंबड्यांच्या मानेवर नवी पिसे चकाकू लागली, तुरे लाल झाले. अंडे नाही. गजेंद्रने बाजाराला न्यायची टोपली माळ्यावरून काढून ठेवली. रुख्माबाईंनी तिच्यात कांदे भरून टाकले.

संक्रांतीला दोन दिवस होते. उन्हे अंगणात आली होती, मयुरी तीळ निवडत होती. खुराड्यातून तांबडी कोंबडी कलकलत बाहेर आली आणि अंगणभर नाचली. मयुरी भिंतीला धरून उठू लागली.

"बस तू," रुख्माबाई म्हणाल्या.

काठी भिंतीला टेकलेली होती. ती त्यांनी घेतली नाही. कडी काढली, वाकल्या, तणसात हात घातला. उठल्या तेव्हा मूठ छातीशी होती, माळेजवळच. मयुरी त्या हाताकडे पाहतच राहिली.

"पानी देऊ का, आई? हात धुवाले?"

"धुईन मंग," रुख्माबाई म्हणाल्या आणि ऊन ऊन अंडे तिच्या तळव्यावर ठेवले. "पह्यले हे उकडाले ठेव."