नवव्याची जागा

मार्गशीर्षातली दुपार. बंगालच्या त्या सपाट, सुदूर, जलसमृद्ध मुलुखावर उन्हाचा पिवळा, पातळ, प्रसन्न प्रकाश उतरलेला. मोहरी फुललेली. भात कापलेल्या खाचरांत करडे खुंट, खुंटांमधून ओल, ओलीत आभाळाचे तुकडे. तळ्याकाठी ताडांची रांग. आणि ताडांच्याही वर विस्तीर्ण, निरभ्र, नीलवर्ण अंतराळ. याच अंतराळातून, एकाहत्तर साली, अशाच दुपारी माणसं उतरली होती.

शुभ्र छत्र्या फुलल्या होत्या म्हणतात. शुभ्र, शांत, शेकडो. खाली कापणीच्या बायका हातातले विळे तसेच धरून वर बघत राहिल्या होत्या. त्या छत्र्यांखाली कृष्णा-कोयनेचं पाणी प्यालेली विशी-बाविशीची पोरं होती, आणि कुणाला पोहता येत होतं, कुणाला येत नव्हतं. त्यांतल्या एका विमानातल्या वीस जणांची लेकरं-नातवंडं आता दरवर्षी साताऱ्याहून इथे येतात.

येतात, आणि ओळीत उभी राहतात. बापाने ज्या क्रमाने उडी घेतली, त्या क्रमाने. विमानातली रीत त्यांनी जशीच्या तशी जपली आहे. आपली पाठ आपल्याला दिसत नाही; म्हणून मागच्याने पुढच्याच्या पाठीवरची छत्री चाचपायची, पट्टे ओढून बघायचे, आणि सगळं नीट असेल तरच पाठीवर थाप द्यायची. थाप मिळाली की त्याने आपला आकडा मोठ्याने सांगायचा, ठीक म्हणायचं, आणि स्वतःचा हात पुढच्या पाठीवर ठेवायचा. विसापासून एकापर्यंत मोजणी अशी हातोहात चालत जाते. हल्ली कुणी कुणी आकड्याबरोबर नावही घेतं.

या ओळीच्या बाहेर, वही घेऊन, अकरा वर्षं कुमुदिनी जगदाळे उभी राहत आली होती.

पलटणीचा इतिहास तिच्या हातचा. निवृत्त शिक्षिका, अक्षर मोत्यासारखं, स्मरण पोलादासारखं. जुनी पत्रं तिने गोळा केली, फाटक्या फोटोंतले चेहरे ओळखून काढले, कोण कुठे पडला, कोण कुठे पुरला, ते गावोगाव हिंडून लिहून घेतलं. तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पण तिचे वडील, नाईक रंगनाथ जगदाळे, विमानात चढलेच नव्हते. ते छत्र्यांच्या घड्या घालणारे. लांबच लांब मेजावर तो सळसळता, निसटता, चंद्रधवल पसारा ते दोरीला दोरी लावून दुमडत, पिशवीत बसवत, आणि घडीबरोबरच्या कार्डावर सही करत. एकदा एका घडीबद्दल नुसती शंका आली, तर रात्रीचं जेवण सोडून त्यांनी ती पुन्हा उलगडली होती. विमानं उडाली तेव्हा ते खाली धावपट्टीवर होते. घडी घालणाऱ्याला आकडा नसतो.

आणि ओळीच्या अग्रभागी, पहिल्या जागी, वैजयंता शिर्के.

वैजयंता! सुभेदार शिर्क्यांची लेक. पहिली उडी त्यांची, पहिलं पाऊल त्यांचं, आणि त्याच दिवशी सूर्यास्ताला याच मातीत पहिलं रक्तही त्यांचंच. वैजयंता तेव्हा आईच्या पोटात होती. गावच्या शाळेच्या कमानीवर तिच्या बापाचं नाव आहे. प्रजासत्ताकदिनी तिला खुर्ची मिळते, नारळ मिळतो, शाल मिळते. कुमुदचा बाप घरात, खाटेवर, साध्या आजाराने गेला. तेराव्याला गावजेवण झालं आणि विषय संपला.

कुमुदला हेवा वाटे. वैजयंताच्या ताठ मानेचा, तिच्या पहिल्या आकड्याचा, तिच्या शालींचा हेवा. शालीन, सुहास्य, गोड बोलणाऱ्या त्या बाईत नाव ठेवायला काही सापडत नाही, याचाही जळफळाट. मेलेल्या बापाचा हेवा वाटावा इतकी आपण खाली आलो, हे तिला कळत होतं. कळूनही ते पोटातलं दुखणं थांबत नव्हतं.

यंदा या शेताच्या बांधावर शिळा बसायची होती. काळी, कातीव, कायमची शिळा, तिच्यावर वीस नावं. यादी अर्थातच कुमुदने करायची. वीस नावांत नववं नाव धोंडीराम कुंभार. उडीनंतर तिसऱ्या दिवशी एका पुलापाशी तो गेला. ना बायको, ना पोर, ना गावात घर. अकरा वर्षं ओळीत त्याची जागा मोकळी राही, आणि दहाव्याला दोन ढांगा पुढे सरकून आठव्याच्या पाठीला हात लावावा लागे. त्या मोकळ्या जागेकडे कुमुद अकरा वर्षं बघत होती. भुकेल्याने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तशी बघत होती.

आणि तिने लिहिलं. त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: नऊ, नाईक रंगनाथ जगदाळे. जुन्या नोंदीत चूक होती, नवा कागद सापडला, असं सगळ्यांना सांगितलं. कुणी कागद मागितला नाही. ज्या माणसांच्या घरी पाठ तपासल्याशिवाय उडी नव्हती, त्यांनी वहीवालीची पाठ मात्र एकदाही तपासली नाही.

वैजयंताने तर तिला मिठीच मारली होती. "अगं कुमुद, मग इतकी वर्षं बाजूला का उभी राहिलीस?" तिचे डोळे खरोखर भरून आले होते. त्या भरलेल्या डोळ्यांचाही कुमुदला राग आला. खाई त्याला खवखवे.

आता ती ओळीत उभी होती. पायांखाली ओली माती, पुढे आठव्याच्या सुनेची हिरव्या साडीतली पाठ, मागे दहाव्याचा मुलगा मारुती साळुंखे, एसटीतला निवृत्त कंडक्टर. पाथरवट बांधावर यादीची वाट बघत बसलेला. पदराखाली ती यादी. वारा मोहरीवरून आला, पिवळा सुगंध घेऊन आला, आणि मोजणी सुरू झाली.

वीस, ठीक. एकोणीस, ठीक. अठरा, ठीक. म्हातारे आवाज, तरुण आवाज, घोगरे आवाज, गहिवरलेले आवाज. पाठीवरून पाठीवर, हातावरून हातावर, ती थाप येत होती, जवळ येत होती. चौदा, ठीक. तेरा, ठीक. याच क्षणासाठी अकरा वर्षं तळमळलेली कुमुद आता मनात म्हणत होती, अजून येऊ नये, अजून येऊ नये. दहा, ठीक. आणि मारुतीचा रुंद, राठ, उबदार हात तिच्या पाठीवर आला. त्याने कुठली घाई केली नाही. नसलेले पट्टे त्याने ओढून बघितले, नसलेली छत्री चाचपली, मन लावून, श्रद्धेने. मग थाप दिली.

कुमुदचं तोंड उघडलं. नऊ, एवढंच आलं. पुढचा शब्द येईना. ठीक म्हणजे तपासलं. ठीक म्हणजे याच्या भरवशावर माणूस रिकाम्या हवेत पाऊल टाकणार. तिच्या बापाने खोट्या घडीवर कधी सही केली नव्हती. तीच सही आता ती त्याच्या नावाने करत होती.

ओळ थबकली. आठव्याची सून वळून बघू लागली. दूर पुढे वैजयंताची मानही किंचित वळली.

"नववे माझे वडील नव्हते," कुमुद म्हणाली. आवाज शाळेतल्यासारखा स्पष्ट निघाला, तिलाच नवल वाटलं. "ते विमानात चढलेच नाहीत. मी यादीत लबाडी केली. नववा धोंडीराम कुंभार. दगडावर तेच नाव घाला."

तळ्यावरचा बगळा उडाला. लाजेने तिचे कान तापले. ओळीतून निघून बांधावर जावं, वही कुणाच्या तरी हातात द्यावी आणि पुन्हा येऊ नये, असं वाटलं. पण पाठीवरचा हात उठला नव्हता.

"मोजणी मधी थांबवायची नसती, ताई," मारुती हलकेच म्हणाला. "त्या धोंडीरामाला तरी कोन हाय? पुढं म्हना."

"नऊ," ती म्हणाली. "धोंडीराम कुंभार. ठीक."

आणि तिने हात त्या हिरव्या पाठीवर ठेवला.

आठ, ठीक. सात, ठीक. सहा. पाच. थाप पुढे गेली, पुढे गेली, उन्हातून, वाऱ्यातून, मोहरीच्या मंद गंधातून, पहिल्या जागेपर्यंत गेली. अकरा वर्षं बाजूने बघताना कुमुदला वैजयंताचा फक्त चेहरा दिसला होता, ताठ आणि तेजस्वी. आज, बांधाशी किंचित वळलेल्या ओळीतून, ती मागून दिसली. उतरते खांदे, पिकलेला अंबाडा, पोलक्याची सुटलेली शिवण.

"एक," वैजयंता म्हणाली. "ठीक."

आणि सगळ्यांचे हात उठले तसा तिचाही हात उठला. उठला, उघडला, पुढे गेला. पुढे कुणाची पाठ नव्हती.

कुमुदच्या तळव्याला बापाची पाठ ठाऊक होती. शेवटच्या वर्षी रोज संध्याकाळी तिने ती कोमट तेलाने चोळली होती. एकेक हाड, एकेक मणका, डाव्या खांद्याखालचा तीळ. घडी घालणारा बाप म्हातारा होईपर्यंत घरात होता.

वैजयंताचा हात अजून तसाच होता. मोहरीच्या वर, ताडांच्या दिशेने, निरभ्र, निःशब्द आभाळात; चाचपणारा, उघडा, साठीकडे झुकलेला एक हात.