प्लॅनवरचे ठुबे

“प्लॅन दाखवा,” नाना म्हणाले.

“कोणता काका? सिल्व्हर, गोल्ड की प्लॅटिनम?” मदतकेंद्राच्या टेबलामागच्या बाईंनी विचारले. त्यांच्या गळ्यातल्या कार्डावर ‘मोनिका’ एवढेच लिहिले होते.

नाना माझ्याकडे बघत राहिले. याच नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत माझ्या वडिलांनी एकतीस वर्षे प्लॅन सांभाळला होता. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा. तिकीट फाडले की त्या खुर्चीवर पेन्सिलीने फुली. नगरमध्ये त्यांना प्लॅनवरचे ठुबे म्हणत. नाव श्रीमंत, त्यामुळे रांगेतून टोमणा यायचा, “श्रीमंत खिडकीत अन् आमी उन्हात.” नाना हसत आणि गुडघेदुखीवाल्याला न मागता कडेची खुर्ची देत. खोकणाऱ्याला दाराजवळची. स्वतः मात्र त्यांनी एकही मैफल आत बसून ऐकली नाही. पडदा वर गेल्यावरही उशिरा येणारे येत, आणि खिडकीत माणूस लागे.

निवृत्तीनंतर आठ वर्षांनी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तो हाडांत उतरल्याचे डॉक्टरांनी ज्या आठवड्यात सांगितले, त्याच आठवड्यात पेपरात जाहिरात आली. रविवारी सकाळी दहाला एका ज्येष्ठ गायिकेचे गायन. त्या बाईंच्या मैफलींची तिकिटे नानांनी खिडकीतून चार वेळा विकली होती.

“एकदा आत बसून ऐकावं म्हन्तो,” ते म्हणाले. आजारपणात त्यांनी मागितलेली ती एकच गोष्ट.

तिकिटे फक्त ॲपवर होती. मी ई रांगेतल्या एक आणि दोन नंबरच्या खुर्च्या घेतल्या, मधल्या वाटेलगतच्या. नानांना लघवीची पिशवी लावलेली होती, मधूनच उठावे लागणार होते. तसे कळवायला हेल्पलाइनला फोन केला, तर यंत्राने सांगितले की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. तीन दिवस ते महत्त्व मी सतारीच्या एकाच तुकड्यावर ऐकत राहिले. चौथ्या दिवशी एक माणूस बोलला. “मॅम, काळजी करू नका. सिस्टीममध्ये तुमच्या सीट कन्फर्म आहेत.”

रविवारी दारावर तिकीट स्कॅन झाले. आत गेलो तर त्या खुर्च्यांवर एक म्हातारी आणि तिची सून बसलेल्या. त्यांच्या मोबाईलवरही ई एक, ई दोन. म्हातारीचे नाव केशरबाई. अकोले तालुक्यातून पहाटेच्या गाडीने आल्या होत्या. नानांची पिशवी बघून त्या उठू लागल्या.

“बाबा, तुमी बसा. मी पायरीवर बसते.”

“न्हाई, बाई,” नाना म्हणाले. “तिकीट घेऊन बसलेलं मानूस उठवायचं नसतं.”

म्हणून आम्ही मदतकेंद्रावर आलो होतो. तिथे आमच्यासारखे वीस-बावीस जण जमले होते. नागापूरचा एक वर्कशॉपवाला बायकोसमोर मोनिकाबाईंना विचारत होता, “एका खुर्चीवर दोघं दिलेत तुमी. आता हिला कुनाच्या मांडीवर बसवू?” बाई कानाला फोन लावून उभ्या होत्या. त्या आपल्याच कंपनीच्या हेल्पलाइनवर थांबल्या होत्या. मी जवळ गेले तेव्हा मला ऐकू आले. सतारीचा तोच तुकडा.

नानांनी टेबलावरचे एक पत्रक उलटे केले, माझ्याकडून पेन घेतले आणि रांगा आखायला सुरुवात केली. मग दोघा-तिघांचे मोबाईल मागून बघितले.

“ह्यात डावं-उजवं कुटं हाय?”

कुठेच नव्हते. त्या सभागृहात मधल्या वाटेच्या डावीकडे एक ते बारा आणि उजवीकडे पुन्हा एक ते बारा. खिडकीवरच्या तिकिटावर ‘डा’ किंवा ‘उ’ असे. ॲप करणाऱ्यांना ती दोन अक्षरे फालतू वाटली असावीत. डावीकडे दाटी झाली होती आणि उजवीकडे खुर्च्या रिकाम्या होत्या.

नाना एकेकाला विचारून खुर्ची देऊ लागले, कागदावर फुली मारू लागले. वर्कशॉपवाल्याला एफ रांग, उजवीकडे. काठी घेतलेल्या गुरुजींना कडेची. मी दोनदा म्हटले, नाना, आधी तुम्ही बसून घ्या. त्यांनी ऐकले न ऐकलेसे केले.

शेवटी आम्ही दोघेच उरलो. ई एक, ई दोन, उजवीकडे. उघड्या दारातून दिसत होते, त्या खुर्च्यांवर लाल फीत बांधलेली होती. राखीव.

“प्रायोजकांचे पाहुणे आहेत,” मोनिकाबाई म्हणाल्या. “ॲपमध्ये नाही, पण कंपनीने काल यादी पाठवून राखून ठेवल्यात.”

“पाहुणे आलेत का?”

“अजून नाही. पण मला सोडता येत नाही, मॅम. सकाळपासून दोनदा बोलणी खाल्लीत. नोकरी जाईल माझी.”

दुसरी एकही खुर्ची शिल्लक नव्हती. घंटा झाली, दार लागायला आले. मी फीत ओढून काढायला आत निघाले, तर नानांनी दाराबाहेरच माझे मनगट धरले.

“जया, खिडकीतल्या मानसावर राग काडू न्हाई.”

“मग कुणावर काढू?”

“ज्याला खिडकीच न्हाई, त्याच्यावर.”

दार बंद झाले.

सतरा दिवसांनी नाना गेले. नंतर मी कंपनीला लिहिले. पैसे नको होते. चूक झाली एवढे एका माणसाने कबूल करावे, इतकेच. सहा पत्रांनंतर उत्तर आले, खाली कुणाचेही नाव नव्हते. आपले तिकीट प्रवेशद्वारावर स्कॅन झालेले आहे, सबब कार्यक्रमाचा लाभ घेण्यात आलेला आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे.

म्हणजे त्यांच्या दफ्तरी नानांनी ती मैफल ऐकली. पाहुणे शेवटपर्यंत आले नाहीत, हे त्या दफ्तरात नाही. मोनिकाबाईंनी प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली, पाणी दिले, आणि नाना खुर्चीवर बसले नाहीत, हेही नाही.

ते दाराशी गेले. एसीसाठी दाराला आतून जाड गादी लावलेली आहे. मला पंख्याच्या घरघरीपलीकडे काही कळत नव्हते. नानांनी एका हाताने पिशवी सावरली, दुसऱ्या हाताचा तळवा दारावर सपाट टेकवला आणि डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. मग त्यांची मान सावकाश खाली आली, समेवर येते तशी. पुन्हा तेवढ्याच वेळाने, पुन्हा त्याच जागी.

“येतंय का ऐकू?” मी विचारले.

डोळे न उघडता त्यांनी मान हलवली, बोलू नको.