चाकावरची तांबडी रेघ

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी खोटा आहे. एका मोठ्या कंपनीच्या अलॉय चाकाची नक्कल. आता तर मी धडही उरलेलो नाही. माझा एक तुकडा तुमसरच्या पुढं कुठल्यातरी धानाच्या बांधीत रुतला असेल आणि उरलेला मी मोहाडीच्या रस्त्यावर, विनोदच्या टायरच्या दुकानाबाहेर, कडुनिंबाला ठोकलेल्या खिळ्यावर टांगलेला आहे. पाऊस येतो, माझी धूळ धुऊन नेतो. पण माझ्या अंगावर एक तांबडी रेघ आहे, ती काही जात नाही. तुमच्यानं ऐकवणार नाही, तरी ऐका.

माझा जन्म दूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. फुटकी पातेली, पंख्यांची पाती, भंगारातल्या इंजिनांचे तुकडे, सगळं एकत्र वितळवलं आणि साच्यात ओतलं. ओतणाऱ्याला घाई होती, त्यामुळं माझ्या पोटात हवेचे बुडबुडे तसेच राहिले. चांगल्या चाकावर म्हणे वजन टाकून पाहतात, त्याला दणके देतात, आणि मग ते किती भार पेलेल तो आकडा त्याच्या पाठीवर उठवतात. माझी पाठ कोरीच राहिली. पुढून मात्र असं काही चमकवलं मला, की काय सांगू! माझं मलाच कौतुक वाटलं.

नागपूरच्या एका दुकानातून आम्हा चार भावंडांना आंधळगावच्या भैय्यालालजींनी विकत घेतलं. भैय्यालालजी म्हणजे कोशाच्या रेशमी साड्यांचे व्यापारी. घरात दोन माग, आणि अंगणात एम. एच. ३६ ची पांढरी गाडी. त्यांची ख्याती अशी, की खोटं रेशीम त्यांच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. कुणी धागा आणला, की ते त्यातला वीतभर तोडायचे, काडी ओढायचे आणि जाळून नाकाशी धरायचे. केस जळल्याचा वास आला तर खरा. वितळून कडक मणी झाला तर धागा आणणाऱ्याला चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. असा माणूस, आणि त्यानं मला घरात घेतलं! अजूनही मला त्याचं आश्चर्य वाटतं.

कारण होतं भूषण, त्यांचा मुलगा. त्याच्यासाठी सिहोऱ्याची मोनिका नावाची मुलगी सांगून आली होती आणि दिवाळीनंतर पाहायला जायचं ठरलं होतं. गाडीची मूळची लोखंडी चाकं गंजली होती. पाव्हण्यांच्या दारात अशी गाडी कशी उभी करायची? कंपनीच्या अलॉयची किंमत ऐकून भैय्यालालजींनी कानाला हात लावले. आम्ही चौघं मिळून त्याच्या तिसऱ्या हिश्शात आलो.

आम्हाला बसवायला विनोदच्या दुकानात आणलं. विनोदनं मला उलटं केलं आणि पाठीवर बोट फिरवलं. मग पाना घेऊन हलकेच ठोकलं. माझा आवाज बद्द आला. मला लाज वाटली.

"काकाजी, याच्यावर वजनाचा आकडा नाई," विनोद म्हणाला.

"मंग? पुढून कोन वळखते?"

"वळखाचा सवाल नाई जी. नकल असली तरी कोनी कोनी तपासून बनवते, त्याच्या पाठीवर आकडा रायते. याच्यावर काईच नाई. पैसे वाचवाचे असन तर लोखंडी चाकंच रंगवून देतो. लोखंड खड्ड्यात वाकते, काकाजी. हे फुटते. तुमी धागा जाळून घेता ना?"

"मंग आता चाक पेटवून पाहू का?" भैय्यालालजी म्हणाले, आणि दुकानातले सगळे खो खो हसले.

विमलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या भैय्यालालजींच्या पत्नी. गाडीत पुढं डाव्या बाजूला बसून त्या सगळं ऐकत होत्या. "आवो, तो सांगून राहिला तं आयका ना जी," त्या म्हणाल्या. पण हशात त्यांचं बोलणं विरून गेलं. विनोदही हसला नव्हता. तरी चाकं त्यानंच बसवली. मला बसवलं पुढं डावीकडं, विमलाबाईंच्या पायांच्या अगदी जवळ.

मित्रांनो, सुरुवातीचे दिवस मोठे मजेचे होते हो! बाजाराच्या दिवशी लोक थांबून पाहायचे. भूषण रोज सकाळी ओल्या फडक्यानं मला पुसायचा. जुनी लोखंडी चाकं मागाच्या खोलीत एका कोपऱ्यात पडली होती, आणि मी त्यांना मनातल्या मनात हसायचो. किती मूर्ख होतो मी!

भर पावसाळ्यात एकदा गाडी खड्ड्यात आदळली. बाहेरून काही दिसलं नाही, पण आत एक बुडबुडा उकलला आणि केसाएवढी चीर निघाली. त्या दिवसापासून चालताना माझ्यातून बारीक आवाज यायला लागला. टिक. टिक. मला दुसरं बोलता येत नव्हतं, मित्रांनो. मी तेवढंच बोलत होतो. ते फक्त विमलाबाईंना ऐकू यायचं.

"काई तरी वाजून राहिलं जी खाली."

"खडा अडकला असन," भैय्यालालजी म्हणायचे आणि गाणं मोठं करायचे.

विमलाबाई तेव्हापासून गाडीत बसल्या की पाय आखडून घ्यायच्या. त्यांची भीती मला पत्र्यातून कळायची. आणि मला बरं वाटायचं, कारण निदान एक माणूस तरी माझं ऐकत होतं.

मग दसरा आला. गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. पावसानं पुसू नये म्हणून विमलाबाईंनी कुंकू तेलात कालवलं आणि चारही चाकांवर बोटानं स्वस्तिक काढलं. त्यांचं बोट कोशातला धागा काढून काढून खरखरीत झालेलं होतं. त्या बोटाचा स्पर्श मला आजही आठवतो, आणि आठवला की नको होतं. तेल झिरपत झिरपत माझ्या चिरेत शिरलं आणि कुंकवाला सोबत घेऊन गेलं.

दिवाळीच्या आधी भूषणनं गाडी घासून धुतली. तीन चाकं स्वच्छ झाली. माझ्यावर एक बारीक, सरळ, लालभडक रेघ राहिली. त्यानं साबण लावला, घासणीनं घासलं. रेघ हलेना.

"माय, हे जाऊनच नाई राहिलं! विनोदले दाखवू का?"

विमलाबाई आल्या, वाकल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "काहून दाखवतं? माय भवानीनं कुंकू ठेवलं रे चाकावर," त्या म्हणाल्या. भैय्यालालजी आले. त्यांनीही हात जोडले. मी चिरलो आहे हे ओरडून सांगणारी ती रेघ, आणि माझ्यासमोर तिघं हात जोडून उभे! हसावं की रडावं?

त्या दिवसापासून विमलाबाईंची भीती गेली. त्या पाय मोकळे सोडून बसायला लागल्या. मी टिक टिक करायचो, तर म्हणायच्या, "वाजू द्या जी, देवी हाये सोबत." माझं ऐकणारं एकच माणूस होतं, तेही मी गमावलं.

सिहोऱ्याला जायचा दिवस उजाडला. भैय्यालालजी मागं, भूषण गाडी चालवत होता, विमलाबाई पुढं. मांडीवर मोनिकाला नेसवायची कोशाची साडी, त्यांनी स्वतः काढलेल्या धाग्याची. तुमसर सोडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती. गाडी फार वेगात नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. एका छोट्या पुलाशी डांबर खचलेलं होतं. चाक आत गेलं, आणि मी त्या रेघेतून फुटलो. टायर एका क्षणात बसलं, गाडी डावीकडं ओढली गेली आणि पळसाच्या झाडावर आदळली. डावी बाजूच आदळली.

भूषण वाचला, भैय्यालालजी वाचले. विमलाबाईंना दवाखान्यापर्यंतही नेता आलं नाही. साडी घडीची घडीच होती, तिला डागसुद्धा लागला नाही.

नंतर विनोद मोडकी गाडी पाहायला आला. मी जिथं फुटलो होतो, तिथला काठ आतपर्यंत लाल होता. तो खाली बसला, त्या लाल काठावरून त्यानं बोट फिरवलं, आणि चीर दसऱ्याच्या आधीचीच होती हे त्याला कळलं. मला त्यानंच उचलून आणलं. रेघेचं टोक आणि अर्धं अंग माझ्याजवळ उरलेलं आहे. कुणी स्वस्तातली चाकं बसवायला आलं, की तो वाद घालत नाही. मला खिळ्यावरून काढतो, गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि म्हणतो, "पाठीवर आकडा पाय." पुष्कळजण परत जातात. जे जात नाहीत त्यांची चाकं तो बसवत नाही, दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवतो.

दसऱ्याला दुकान बंद असतं, कारण विनोद घरच्यांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. तेवढाच दिवस साधून भैय्यालालजी येतात. भूषणचं आणि मोनिकाचं लग्न दोन वर्षांनी झालं, आणि नंतर घेतलेल्या दुसऱ्या गाडीला लोखंडी चाकं आहेत. गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून कळतं, पूजेच्या दिवशी भैय्यालालजी स्वतः तेलात कुंकू कालवतात, चारही चाकांना फासतात, आणि घटकाभरानं साबणानं घासून पुसून टाकतात. मग उन्हात डोळे बारीक करून बघत बसतात, लाल काही उरलं का. गावचे लोक म्हणतात, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. सून मात्र पाण्याची बादली भरून देते.

ते सगळं झालं की ते माझ्याकडं येतात. बंद शटरसमोर उभे राहतात, खिशातून ओलं फडकं काढतात आणि माझी रेघ पुसतात. दरवर्षी पुसतात. मग म्हणतात, "तू सांगून राहिला होता रे. तिनं आयकलं होतं. मीच नाई आयकलो."

मित्रांनो, मला काय उपदेश करायचा अधिकार? पण विनवणी करतो. चाकाचं तोंड पाहून भुलू नका, पाठ पाहा. पैसे कमी असतील तर गंजक्या लोखंडाची लाज वाटून घेऊ नका. चाक वाजलं तर गाणं बंद करा. आणि धुऊनही न जाणारी रेघ कधी दिसली, तर पाया पडू नका रे बाबांनो, आधी चाक काढा.

यंदाही दसऱ्याला ते आले होते. फडकं फिरवून झालं, आणि त्यांनी ते उलटं करून उन्हात धरलं. फडकं पांढरंच होतं, लालाचा ठिपकाही त्यावर उतरला नव्हता.