बासवर कोण

रेकॉर्डमधून तिचा आवाज पुसला गेलाय हे कळलं तो मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले होते आणि लिफ्टवाल्यांनी रेकॉर्ड ऐकायला जायचं म्हणून खास इस्त्रीचा शर्ट घातला होता.

लिफ्टवाले म्हणजे अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या गच्चीवरच्या मोटारी त्यांच्या ओळखीच्या. त्यांची बायको एका जॅझ बँडमध्ये बास वाजवायची. बास म्हणजे माणसापेक्षा उंच, चार जाड तारांचं लाकडी वाद्य. उभं धरायचं आणि बोटांनी तारा ओढायच्या. बायको चणीने लहान, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बाई एकटीच कपाट हलवतेय. बँडमध्ये सगळे तिला ताई म्हणत. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

त्या बँडची एकच रेकॉर्ड निघाली, तीही चाळीस वर्षांपूर्वी. आता शहराच्या ग्रंथालयाचा संगीत विभाग ती नव्याने काढणार होता. छापायला जाण्याआधी हयात वादकांनी आणि घरच्यांनी ऐकून जावं, असं पत्र आलं होतं. पाचांपैकी हयात एकच होते, ड्रम वाजवणारे. वय चौऱ्याऐंशी. त्यांना सगळे ठोके म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हतं, पण खरं आडनाव विचारायची वेळ कधीच निघून गेली होती.

ऐकायची खोली एवढीशी होती. भिंतींना जाड कापड लावलेलं, तीन खुर्च्या, टेबलावर दोन मोठे स्पीकर. रेकॉर्ड साफ करण्याचं काम ज्याने केलं तो साउंडवाला पन्नाशीचा होता, चष्मा कपाळावर ढकलून तोच चष्मा टेबलावर शोधणारा.

"कसं स्वच्छ केलंय बघा," तो म्हणाला. "काच पुसल्यासारखं."

लिफ्टवाल्यांना जॅझ कळत नव्हतं आणि हे त्यांनी कधी लपवलंही नाही. कार्यक्रमाला ते शेवटच्या रांगेत बसायचे आणि दुसऱ्या गाण्याला झोपायचे. "तुझ्या नवऱ्याला तिकीट नको, उशी दे," असं ठोके ताईला म्हणायचे. पण बायको गेल्यावर त्यांनी रोज सकाळी चहाबरोबर ती रेकॉर्ड लावायला सुरुवात केली होती. रोज ऐकता ऐकता त्यांना थोडं थोडं दिसायला लागलं. सॅक्सोफोन ट्रम्पेटला उत्तर देतोय, आणि कधी कधी मुद्दाम उलट बोलतोय. ड्रम नुसते मोजत नाहीत, दुसऱ्याला कोपराने ढोसतात. आणि या सगळ्यांच्या पायाखाली बास चालतोय. तो थांबला की बाकीचे हवेत लटकतात. सत्तेचाळीस वर्षं संसार केला आणि बायको काय काम करत होती ते आठ महिन्यांपूर्वी कळायला लागलं.

पण खरं सांगायचं तर ते रेकॉर्ड लावायचे ते दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यासाठी. गाणं संथ. मध्यावर ट्रम्पेट थांबतो, पियानो थांबतो आणि दोन-सव्वादोन मिनिटं बास एकटाच वाजतो, मागे ड्रमवर ठोक्यांचे तारांचे ब्रश सरसरत असतात. तिथे ती गुणगुणायची. तिची तशी सवयच होती. बोटं निघायच्या जरा आधी गळा निघायचा. घरी कपडे वाळत घालताना, फरशी पुसताना, हिशोबाला बसल्यासारखा गंभीर चेहरा करून ती घुमत असायची. मोटारीच्या आवाजावरून जसं कुठलं बेअरिंग गेलंय ते कळतं, तसं ती कुठल्या खोलीत आहे ते लिफ्टवाल्यांना कळायचं. त्यांच्या घरच्या प्रतीत ती जागा आता खरखरायला लागली होती, इतक्यांदा सुई तिच्यावरून गेली होती.

गाणं लागलं. ट्रम्पेट थांबला. पियानो थांबला. बास सुरू झाला, आणि अगदी काचेसारखा स्वच्छ. लिफ्टवाले पुढे सरकले. त्यांना वाटलं, कान गेले. त्यांनी एकदा उजवा कान पुढे केला, एकदा डावा.

"परत लावता का?"

साउंडवाल्याने परत लावलं.

"इथे काहीतरी होतं," लिफ्टवाले म्हणाले.

"होतं ना," साउंडवाला खूश झाला. "अख्ख्या रेकॉर्डमधली सगळ्यात वाईट घाण ती. चार दिवस घालवलेत मी. सलग घुं घुं घुं. शेजारच्या खोलीत कसलं तरी मशीन चालू असणार."

ठोक्यांनी काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर घेतली.

"ते मशीन म्हणजे माझी बायको," लिफ्टवाले म्हणाले.

साउंडवाल्याचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्याने टेबलावरचं जुनं कव्हर उचलून पाहिलं. "पण काका, बासवर तर इथे पुरुषाचं नाव आहे."

तेही खरंच होतं. बँडचा नेहमीचा बासवाला दुसराच होता, लंबू म्हणायचे त्याला. ताई तेव्हा अधूनमधून बदली वाजवायची. रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी लंबूचा अंगठा मोटारीच्या दारात चेमटला. कव्हरं आधीच छापून आली होती. स्टुडिओ पुन्हा मिळणार नव्हता. ताई गेली, पाच तासांत सहा गाणी वाजवून आली आणि संध्याकाळी मुलीची वेणी घालत बसली. पुढे लंबूने बँड सोडला आणि ताई कायमची झाली, पण कव्हर तसंच राहिलं. "ज्याला कान आहेत त्याला कळेल," एवढंच ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

लिफ्टवाल्यांनाही तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते या आठ महिन्यांत. बँकेत जा, तिचं नाव कमी करा. फोनच्या कचेरीत जा, तिचं नाव कमी करा. घराचे कागद, गॅस, विमा, दवाखान्याचं कार्ड. प्रत्येक खिडकीवर तोच अर्ज, वर तेच शब्द, 'नाव कमी करण्याबाबत', आणि खाली यांची सही. आठ महिने ते बायकोला एकेका कागदावरून उतरवत होते. आणि एक जागा अशी निघाली की जिथून उतरवायला मुळात तिला कोणी चढवलंच नव्हतं.

"ते पुसलेलं परत येतं का?" त्यांनी विचारलं.

"मूळ प्रत ठेवलीय मी. येईल." साउंडवाला जरा फुगून म्हणाला. "माझे चार दिवस पाण्यात, एवढंच."

"आणि नाव?"

"ते माझ्या हातात नाही. त्याला अर्ज करावा लागतो."

परत जाताना दोघं ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर टेकले. ठोक्यांना दर सहा पायऱ्यांनी टेकावं लागे.

"मला लिहून द्याल का?" लिफ्टवाल्यांनी विचारलं. "की त्या दिवशी तीच होती म्हणून."

"लिहून कशाला, शपथेवर सांगतो. तिच्यापासून तीन फुटांवर बसलो होतो. सबंध दिवस ती माझ्यावर डाफरत होती, मी घाई करतो म्हणून."

"करत होतात?"

"करत होतो." ठोके थोडा वेळ दम खात राहिले. मग म्हणाले, "लिफ्टवाल्या, बँड चालवणाऱ्या आमच्या मास्तरांची एक शिस्त होती, आठवते? तू झोपलेला असायचास म्हणा. एकट्याचं वाजवणं झालं की मास्तर माइकवर त्याचं नाव घ्यायचे. नाव घेतल्याशिवाय पुढच्याने सूर लावायचा नाही. मी नवा होतो तेव्हा एकदा घुसलो मध्येच. कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, हे संगीत कोणी उभं केलं माहीत आहे का? ज्यांच्या आज्या-पणज्यांना समुद्रापार नेऊन गुलाम म्हणून विकलं, त्यांनी. त्यांची नावंसुद्धा मालकांनी ठेवलेली. म्हणून इथे गाणं कोणाचं ते नंतर, वाजवलं कोणी ते आधी."

"मग कव्हरचं मास्तरांनी का नाही बघितलं?"

"बघणार होते. पुढच्या छपाईत बदलू म्हणाले. पुढची छपाई आत्ता होतेय."

ठोक्यांनी त्याच आठवड्यात लिहून दिलं. हात थरथरत असल्याने सुनेने लिहिलं आणि त्यांनी सही केली, सही ओळीबाहेर गेली. ते घेऊन लिफ्टवाले विभागप्रमुख बाईंकडे गेले. बाई चांगल्या होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "मला पटतं. पण छापलेलं नाव काढायचं तर ज्यांचं नाव आहे त्यांच्या वारसाची सही लागते. नाहीतर उद्या ते आमच्यावर येतील." आणि त्यांनी खणातून अर्ज काढून पुढे ठेवला. लिफ्टवाल्यांनी तो न वाचता घडी घालून खिशात टाकला.

लंबूचा मुलगा दातांचा डॉक्टर होता. पुढच्या मंगळवारी तो दवाखाना दोन तास बंद ठेवून आला. वडिलांसारखाच उंच, दारातून वाकून आत येणारा. त्याने आल्या आल्या लिफ्टवाल्यांना वाकून नमस्कार केला, त्यामुळे लिफ्टवाल्यांची तयारी करून आणलेली पहिली दोन वाक्यं वाया गेली.

साउंडवाल्याने मूळ प्रत लावली. खरखर होती, टकटक होती, आणि मग ती जागा आली. बास चालू लागला आणि त्याच्या पुढे अर्धं पाऊल टाकत तो आवाज.

डॉक्टर शेवटपर्यंत खाली बघून ऐकत होता.

"बाबा वाजवताना ओठ मिटून दात घट्ट आवळायचे," तो म्हणाला. "मी त्यांना सांगायचो, बाबा, दात झिजतील. हे बाबा नाहीत."

"हो," लिफ्टवाले म्हणाले.

"ताईंना मी पाहिलंय. लहान होतो. मला उचलून त्यांनी बासच्या तारा ओढायला दिल्या होत्या."

"मग सही कराल?"

चष्म्याचं फडकं काढून डॉक्टरने हातच पुसले.

"काका, आई आहे अजून. एक्क्याण्णव. ते कव्हर फ्रेम करून तिच्या पलंगासमोर लावलंय. तिला ऐकू येणं बंद झालंय, वाचता येतं. नवी रेकॉर्ड येतेय म्हटल्यावर रोज विचारते, आली का. बाबांनी तिला कधी सांगितलं नाही. मलाही नाही, मी आज ऐकतोय. सही करणार नाही असं नाही. ती असेपर्यंत नको, एवढंच."

"माझी बायको नाही का थांबली?" लिफ्टवाले म्हणाले. "चाळीस वर्षं थांबली."

"थांबल्या. तुमचं बरोबर आहे."

बरोबर आहे म्हटल्यावर भांडायचं तरी कसं. लिफ्टवाले उठून बाहेर आले. बसची वाट न बघता ते चालतच घरी गेले आणि त्या दिवशी त्यांनी रेकॉर्ड लावली नाही. मुलीचा फोन आला तेव्हा तिला सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही सोडू नका. आईने सोडलं म्हणून तुम्ही नका सोडू." लिफ्टवाल्यांनाही तेच वाटत होतं. ठोक्यांचा कागद खरा, साउंडवाल्याकडची मूळ प्रत, डॉक्टरने स्वतःच्या तोंडाने कबूल केलेलं. जोर लावला असता तर बाई ऐकल्या असत्या.

दोन दिवसांनी ते अर्ज भरायला बसले. चष्मा लावला, पेन चालतंय का ते वर्तमानपत्राच्या कडेला बघितलं, घडी उघडली. वर लिहिलं होतं, 'नाव कमी करण्याबाबत'.

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या शब्दांखाली काय काय भरायचं असतं ते त्यांना पाठ होतं. मयताचं संपूर्ण नाव. अर्जदाराचं नातं. दिनांक. शब्द तेच होते, फक्त या वेळी कागद दुसऱ्या कोणाच्या घरी जाणार होता, आणि तिथली बाई वाचू शकत होती.

चहा गार झाला. मग त्यांनी अर्जदाराची जागा भरली, बासवर कोण होतं ते स्वच्छ अक्षरात लिहिलं, ठोक्यांचा कागद टाचणीने जोडला आणि वारसाच्या सहीची जागा रिकामी ठेवली. ते घेऊन ते दातांच्या दवाखान्यात गेले. रांगेत चार जण गाल धरून बसले होते. लिफ्टवाले पाचवे बसले.

"काका, दुखतंय का काही?" डॉक्टरने विचारलं.

"दात नाही." त्यांनी अर्ज पुढे केला. "हा तुमच्याकडे ठेवा. आई आहेत तोवर घाई नाही. पण हरवू नका."

डॉक्टरने अर्ज वाचला आणि खणात ठेवला. खणाला कुलूप लावलं. मग म्हणाला, "आलाच आहात तर बसा, तोंड उघडा. खालची दाढ हलतेय तुमची, मी त्या दिवशीच बघितलं होतं." लिफ्टवाल्यांनी तोंड उघडलं.

नवी रेकॉर्ड दोन महिन्यांनी आली. साउंडवाल्याने बाकीची खरखर काढली आणि दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याला हात लावला नाही. पहिली प्रत ठोक्यांकडे गेली, दुसरी लंबूच्या बायकोकडे, तिसरी लिफ्टवाल्यांकडे. ठोक्यांनी ती ऐकून फोन केला आणि म्हणाले, "खरंच घाई करत होतो रे मी."

कव्हरवर बाससमोर अजून लंबूचंच नाव आहे. अर्ज डॉक्टरच्या खणात आहे. सही व्हायची आहे.