ब्राह्मीचं रडणं

ब्राह्मीनं कापसाचे दोन बोळे कानांत कोंबले आणि माजघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ती शेंगा फोडायला बसली. आई जाऊन आज तिसरा दिवस होता. घरात कुणाला शेंगदाणे नको होते, तरी सकाळपासून दोन सुपं भरली होती.

बोळ्यांचा फारसा उपयोग नव्हता. गल्लीत बायका शिरल्या की तिला कळायचंच. निपाणीकडून आलेल्या बायका बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, कोपऱ्यापर्यंत कुणाच्या तरी सुनेविषयी बोलत यायच्या, हसायच्यासुद्धा. कोपरा आला की पदर तोंडाला लावायच्या आणि पहिला हेल काढायच्या. मग घरातल्या बायकांनी दाराशी जायचं, त्यांच्या गळ्यात पडायचं आणि तसाच हेल काढून उत्तर द्यायचं. थोड्या वेळानं कुणीतरी डोळे पुसून पाणी मागायची. ह्याला गाव रडणं म्हणत होतं आणि ब्राह्मीला म्हणत होतं कोरडी.

काल पाटलीणबाईंनी तिला एकदम मिठी मारली होती. अंगावर कढत पाणी पडावं तसं झालं आणि ब्राह्मीनं त्यांना ढकललं. पाटलीणबाई दारावर आपटल्या, त्यांचं मनगट बांगडीच्या काचेनं कापलं. संध्याकाळच्या आत ही गोष्ट वेशीपर्यंत पोचली. आई मेली तरी डोळ्याला टिपूस नाही, बाईला काळीज नाही, असं सगळे म्हणू लागले.

आईला तीस वर्षांत एकच युक्ती सापडली होती. ती सगळं आधी सांगायची. आता मी मागच्या दारी जाते. आता गवळण हाक मारेल. उद्या पाहुणे येतील, तू न्हाणीघराजवळ बस. आता कुणीच आधी काही सांगत नव्हतं. माणसं, आवाज, हात, सगळं धाडकन अंगावर येत होतं. तीन दिवस तिला घास गिळता आला नव्हता. आणि तिच्या दुःखाला गावात मोजमाप नव्हतं.

दुपारी गुणाबाई येऊन समोर बसल्या. ब्राह्मीच्या त्या सख्ख्या आत्या. जिभेनं तिखट, पण घरात अजून ब्राह्मीशी बोलणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या.

"बोळं काढ."

ब्राह्मीनं काढले.

"नेमानं आश्रमाला चिठ्ठी धाडलीया. परवा गाडी येनार हाय."

नेमगोंडा हा तिचा थोरला भाऊ. श्राविकाश्रमाविषयी, निराधार जैन बायकांच्या त्या आश्रमाविषयी, त्याचं आणि वहिनीचं बोलणं तिनं ऐकलं होतं, पण दिवस ठरलेला तिला ठाऊक नव्हता.

"तिथं किती बायका हाईत?"

"चाळीस असतील."

"निजायला एकच खोली?"

"एकच मोठी खोली. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं. चांगलं ठेवत्यात म्हनं."

ब्राह्मीच्या हातातली शेंग तशीच राहिली. चाळीस बायकांचं खोकणं, चाळीसजणींच्या बांगड्या, कुशीवर वळणं. सासरी नऊच माणसं होती, तरी तिथं ती आठ महिने कडब्याच्या गंजीआड लपून राहिली होती. शेवटी त्यांनी तिला गाडीत घालून परत आणून सोडलं. आता परत यायला कुठलं घर असणार होतं?

"आत्ती, मी तिथं मरीन," ती म्हणाली. आवाज चढला नाही. ज्वारी निवडून झाली म्हणून सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

गुणाबाईंनी कपाळावर हात मारला. "मग मानसावानी रड की गं एकदा! तुझी वैनी म्हनती, जी आईला रडली न्हाय ती माझ्या लेकरांस्नी काय जीव लावनार? भ्या वाटतंय तिला तुझं. चार बायकांम्होरं एकदा रडलीस तर मला नेमाला काय तरी सांगता यील."

"कसं रडू?"

"कसं म्हंजे? हेल काढायचा आणि मनात हाय त्ये बोलायचं."

"मनात बोलनं न्हाय. नुसतं दुखतंय."

"कुठं?"

ब्राह्मीनं गळ्यापासून बेंबीपर्यंत बोट ओढून दाखवलं. गुणाबाईंनी तिच्यापुढचं सूप बाजूला सरकवलं.

"मग ऐकल्यालं म्हन," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमी तरी दुसरं काय करतो? कुनाचं तरी ऐकल्यालंच म्हनतो. कुनाला कळतंय?"

हे ब्राह्मीला समजलं. कुणीतरी पहिल्यांदाच नीट सांगितलं असं तिला वाटलं. ऐकलेलं तिच्याजवळ पुष्कळ होतं. एकदा कानावर पडलेलं तिच्यातून जात नसे. गुणाआत्तीचं नवऱ्यासाठीचं रडणं तिला पुरतं येत होतं, पण त्यात कुंकवाचं होतं, ते इथं चाललं नसतं. पाटलांच्या घरचं फार लांब होतं. आणि एक आईचं होतं. मानमोडीच्या तापाच्या साथीत थोरली बहीण राजमती गेली तेव्हा आई रडली होती. चौदा वर्षं झाली त्याला. आईसाठी आईचंच म्हणावं, हे तिला बरोबर वाटलं.

उन्हं कलल्यावर सदलग्याच्या बायका आल्या. ते आईचं माहेर. आईची धाकटी बहीण सगळ्यांच्या पुढं होती. बस्तीच्या कोपऱ्यावर कानडीतला हेल उठला. ब्राह्मी उठली, पदर झटकला आणि कुणी न बोलावता दाराशी गेली. मावशीनं हात पसरले. ब्राह्मी दोन पावलं मागं सरकली, तिनं खांबाला गच्च धरलं आणि डोळे मिटले.

तिच्या तोंडून आवाज आला तो तिचा नव्हता.

"सोन्यावानी माझी राजू न्हेलीस रं देवा... कामाची न्हेलीस, बोलती न्हेलीस... आनि ही खुळी का रं ठेवलीस माझ्या पदरात..."

कानडी हेलातलं मराठी, आई बोलायची तसंच. तेव्हा आईलाही ताप होता, मधेच खोकल्याची ढास आली होती. ती ढासही ब्राह्मीनं घेतली. मावशीचे पसरलेले हात खाली आले. जिला परवाच्या दिवशी जाळलं, ती दारात उभी राहून रडत होती. वहिनी कडेवरच्या पोरासकट चुलीपासून उठून आली. ओटीवरचे पुरुष दाराकडे वळले.

गुणाबाई घाबरून गेल्या. त्यांना हे रडणं आठवलं होतं. असलं कुणी आपल्याच तोंडानं आपल्याविषयी म्हणतं का?

"बास. बास कर गं बाई."

"अजून हाय," ब्राह्मी डोळे न उघडता आपल्या आवाजात म्हणाली आणि पुन्हा आईच्या आवाजात गेली.

"हिला कळत न्हाय म्हनत्यात, हिला समदं कळतंय रं देवा... शिवलं की ही भाजती... आदी सांगितलं की कायबी करती... ह्ये कुनाला ठावं हाय माझ्याबिगर... माझ्याआदी हिला का रं न्हेली न्हाईस... माझ्या माघारी हिला कोन बघंल..."

हेल तिथंच थांबला. आता आलेल्या बायकांनी उत्तर द्यायचं असतं. नेमगोंडा ओटीवरून आत आला होता आणि मधल्या उंबऱ्याशी उभा होता. पटका त्यानं डोक्यावरून काढून हातात धरला होता.

गुणाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. चौदा वर्षांपूर्वी त्या इथंच, ह्याच खांबाला टेकून बसल्या होत्या. ब्राह्मीची आई असंच विचारून थांबली, तेव्हा एकोणीस वर्षांचा नेमा तिच्या गुडघ्यांना मिठी मारून म्हणाला होता, "मी हाय की, आये. मी बघतो." मगच तिचं रडणं थांबलं होतं.

ब्राह्मीनं डोळे उघडले. ती कुणाच्या तोंडाकडे कधी बघत नसे. तिनं भावाच्या हातातल्या पटक्याकडे बघितलं आणि ती थांबली. तेव्हा आईच्या प्रश्नानंतर जेवढा वेळ गेला होता तेवढा तिनं जाऊ दिला. मग तो विसरला असेल असं वाटून तिनं त्याला हळूच सांगितलं,

"अण्णा, आता तुझं हाय."