चतुराबाई काहीच घेत नाही

सुभद्राबाई लातूरकडची. मुलगा रविराज चाकणच्या कंपनीत लागला, मोशीत फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन आला. सुरुवातीला तिला इथं करमत नव्हतं. मग समोरच्या दारातली चतुराबाई भेटली. तिची उभी हयात पिंपरीत गेलेली. नवरा भीमराज रिटायर झाल्यावर वर्षभरातच वारला, आणि आता ती मुलीजवळ, आम्रपालीजवळ राहत होती. आम्रपाली विम्याच्या ऑफिसात कामाला. दोघींचे गुडघे दुखायचे, दोघींना दुपारी झोप यायची नाही. एवढ्यावर मैत्री जमली.

सोसायटीच्या भिंतीपलीकडे कडुनिंबावर गुळवेल चढली होती. सुभद्राबाई गावाकडं आईच्या हातचा काढा पीत आली होती. इथंही ती रोज बोटभर तुकडा ठेचून उकळायची. स्वतः प्यायची आणि एक पेला चतुराबाईला द्यायची. हळूहळू मजल्यावरच्या आणखी दोन-तीन घरांतही काढा जाऊ लागला. पैशाचा प्रश्नच नव्हता. कुणाला काही द्यायला आपल्याकडं आहे, याचंच तिला बरं वाटायचं.

उन्हाळ्यात चतुराबाईचं जेवण तुटलं. एकदा दोघी दारात बसल्या असताना सुभद्राबाई म्हणाली, "चतुरा, डोळे पिवळे दिसायलेत गं तुझे."

आम्रपालीनं आईला पिंपरीला नेऊन दवाखान्यात दाखल केलं. कावीळ निघाली. पण नेहमीची कावीळ ज्यानं होते, त्यातलं तपासण्यांत काहीच निघालं नाही. रक्त घेणं चालूच होतं आणि पिवळेपणा वाढतच होता. आता पोटात सुई घालून लिव्हरचा तुकडा काढून बघावा लागेल, असं डॉक्टर म्हणत होते.

सुभद्राबाईला घरात चैन पडेना. काविळीवर गुळवेल चांगली, असं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. तिनं काढा जरा दाट केला, बाटलीत भरला आणि बसनं दवाखाना गाठला. आम्रपाली तेव्हा ऑफिसात होती. चतुराबाईनं तोंड वाकडं केलं, पण दोन घोट घेतले आणि बाटली उशीमागं सरकवली.

तेवढ्यात डॉक्टर आल्या. रश्मीच्या, म्हणजे सुभद्राबाईच्या सुनेच्या वयाची पोरगी होती. फाईल चाळून ती खाटेच्या कडेला बसली.

"आजी, पुन्हा एकदा विचारते. घरी काही झाडपाला, काढा, चूर्ण, कुणी दिलेली गोळी? काहीही चालेल, रागवायची नाही मी."

"काही नाही बाई," चतुराबाई म्हणाली. "मी काहीच घेत नाही."

सुभद्राबाई बघतच राहिली. चतुराबाईनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चादरीची घडी नीट करत राहिली. डॉक्टर उठून पुढच्या खाटेकडं गेल्या.

खोटं का बोलली, हे सुभद्राबाईला लगेच कळलं. काढ्याचं नाव निघालं की आपलं नाव निघणार होतं. आणि खरं सांगायचं तर, तिच्याही मनात आलं की गप्प बसावं. आपण इतकी वर्षं पितो, आपल्याला काय झालं? औषध कसं बाधेल? पण डॉक्टरांनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला होता. उगाच कुणी दोनदा विचारत नाही.

ती उशीमागची बाटली काढून उठली.

"सुभद्रा, बस खाली," चतुराबाई हलक्या आवाजात म्हणाली.

ती बसली नाही. दोन खाटा ओलांडून डॉक्टरांपुढं उभी राहिली. "बाई, ती पिती. मीच देते. गुळवेल हाय. आता बी पाजली."

डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, वास घेतला. किती दिवसांपासून, रोज किती, वेल कुठली, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "हेच कारण आहे असं आज छातीठोक सांगता येणार नाही. ती गुळवेलच आहे का, तेही बघावं लागेल. पण काहींच्या लिव्हरला ती बाधते. थायरॉइडसारखे आजार असले तर जास्त जपायला लागतं, आणि यांना थायरॉइड आहे. आधी हे बंद. तुम्ही बोललात ते बरं झालं."

सुईचं लांबणीवर पडलं. काढा थांबला, औषधं बदलली, आणि हळूहळू काविळीचे आकडे उतरायला लागले.

काढ्याचं कळलं त्या संध्याकाळीच आम्रपालीनं सुभद्राबाईला सोसायटीच्या जिन्यात गाठलं. "मावशी, तुम्ही डॉक्टर आहात का? दवाखान्यात आणून पाजलंत तुम्ही! माझी आई गेली असती तर?"

 प्रेमानं दिलं होतं, असं म्हणायला सुभद्राबाईनं तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती ज्या ज्या घरी काढा जात होता तिथं गेली. शेजारच्या स्वप्नालीचे सासरे ज्योतीराम साखर उतरायच्या गोळ्यांबरोबर तो घेत होते. विचारलं तेव्हा म्हणाले, सकाळी अधूनमधून गरगरतं खरं. "काढ्यानंही साखर उतरते म्हणतात. काढा थांबवा, पण गोळी सोडू नका, आणि डॉक्टरला दोन्ही सांगा," असं तिनं त्यांना बजावलं. टोकाच्या घरातल्या आक्काबाईनं मात्र हसून उडवून लावलं. "मला गुण आलाय. तू नाही दिलास तर मी तोडून आणीन." सुभद्राबाईनं तिची पुष्कळ मनधरणी केली. तिनं ऐकलं नाही.  एकदा दिलेलं परत घेता येत नाही, हे सुभद्राबाईला नवीन होतं.

चतुराबाई घरी आली तेव्हा सुभद्राबाई भीतभीतच समोरच्या दारात गेली. आम्रपाली बाजूला झाली. चतुराबाई पलंगावर बसली होती. पार वाळली होती, पण डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता.

"खोटं का बोललीस गं?"

"तुझं नाव निघालं असतं."

"निघू द्यायचं की! मेली असतीस म्हंजे?"

"मग तुझं नाव कुणी घेतलं असतं? मी तर नसतेच," चतुराबाई म्हणाली, आणि हसता हसता तिला खोकला आला. सुभद्राबाईला हसू आलं नाही. पदर डोळ्याला लावून ती तशीच बसून राहिली. चतुराबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

जरा वेळानं आम्रपाली ओट्यापाशी भांडी लावता लावता म्हणाली, "सोमवारी रक्त तपासायला बोलावलंय. मला सुट्टी नाही मिळणार." तिकडं पाठ करूनच तिनं पुढं विचारलं, "मावशी, तुम्ही जाल का आईबरोबर?"

"जाते की," सुभद्राबाई म्हणाली.

"गर्दी असली तर बस सोडा. तिला उभं राहू देऊ नका."

"न्हाई देत," सुभद्राबाई म्हणाली, आणि सोमवारची पहिली बस कधी सुटते ते विचारू लागली.